पेटी फोडू नये

विकत घेतलेली वस्तू घरी आणल्यावर उघडून पाहावी, हा नियम मी बालपणापासून इतका निर्विवाद मानीत आलो होतो की, आषाढातल्या एका दुपारी कुरिअरवाल्याने रायपूरच्या तात्यापाऱ्यातील आमच्या घराच्या ओट्यावर आणून टाकलेले एक भले थोरले, परंतु वजनाने अगदीच किरकोळ असे खोके मी स्वयंपाकघरातील सुरीने कापावयास बसलो असता, माडीवरून पायऱ्या गाळीत धावत आलेल्या आमच्या पुतण्याने जी आरोळी ठोकली, तिचा अर्थ लावण्यास मला अंमळ वेळच लागला.

"काका, सुरी खाली ठेवा!"

"का रे? आत काही जिवंत आहे काय?"

"नाही. म्हणून तर जपायचं."

खोके मग त्यानेच उघडले. आत कागदाच्या गुंडाळ्या, त्यांच्या आत हवेच्या फोडांचे प्लॅस्टिक, त्याच्या आत दुसरे खोके, आणि त्या दुसऱ्या खोक्याच्या पारदर्शक खिडकीतून काळे शिरस्त्राण व काळाच झगा ल्यालेला एक सहा इंची गृहस्थ आमच्याकडे पाहत होता. निदान पाहत असावा, कारण डोळे कोठे दिसत नव्हते. त्याचे नाव डार्थ व्हेडर असून तो आकाशगंगेतील एका साम्राज्याचा मोठा अंमलदार असल्याचे मला सांगण्यात आले. आता ही आतली पेटी उघडावयाची, अशा समजुतीने मी सुरी पुन्हा उचलली, तेव्हा कळले की आतली पेटी कधीच उघडावयाची नसते. पेटी उघडली की गृहस्थाचा भाव उतरतो, पेटीचा कोपरा दुमडला तर आणखी उतरतो, आणि त्यास बाहेर काढून कोणी त्याच्याशी प्रत्यक्ष खेळला, तर उरलेल्या मालास संग्राहकांच्या जगात केवळ ‘सुटा’ एवढीच पदवी उरते. आमचा पुतण्या पंचविशीतला आहे, नव्या रायपुरात संगणकाच्या कचेरीत त्यास माझ्या निवृत्तिवेतनाच्या तिप्पट पगार आहे, आणि लग्नाचा विषय काढला की तो सांगतो, आधी घरात जागा हवी. जागा या पेट्यांनी व्यापली आहे.

"केवढ्याला पडला?" मी विचारले.

त्याने आकडा सांगितला. आमच्या छत्तीसगडात सरकार शेतकऱ्याकडून धान हल्ली क्विंटलमागे 3100 रुपयांस घेते. त्यासाठी त्याने चिखलात रोपणी करावी, कापणी करावी, मळणी करावी, टोकन काढावे, ठरल्या दिवशी समितीच्या काट्यावर पोती घेऊन उभे राहावे. एवढे सारे करून आलेले क्विंटलभर धान या गृहस्थाच्या बदली दिले, तरी वर काही देणे उरतच होते.

माझी सारी हयात सरकारी हिशेबखात्यात गेली. वस्तू वापरली की तिच्यावर घसारा लागतो, आणि घसारा लागता लागता ती एक दिवस दप्तरातून निर्लेखित होते, हे शास्त्र मी कित्येक कारकुनांस शिकविले आहे. येथे मात्र वस्तू न वापरल्याने चढत होती. हा चमत्कार प्रथम कोणी सिद्ध केला याची मी पुतण्यापाशी चौकशी केली, आणि जी हकीकत कळली तिच्यामुळे त्या अमेरिकन व्यापाऱ्यांविषयी माझ्या मनात आदरच उत्पन्न झाला. 1977 च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट निघाला आणि अनपेक्षितपणे एवढा चालला की, सिनसिनाटीच्या केनर नामक खेळण्यांच्या कंपनीपाशी नाताळ आला तरी विकावयास एकही बाहुली तयार नव्हती. दुसरा कोणी असता तर दिलगिरी व्यक्त करून गप्प बसला असता. केनरने एक जाड पुठ्ठ्याचे पाकीट छापले, त्यात एक प्रमाणपत्र घातले, आणि हे प्रमाणपत्र आमच्याकडे पाठविल्यास पुढील वर्षी चार बाहुल्या टपालाने येतील असे लिहून ते पाकीटच नाताळच्या भेटीदाखल विकले. बाहुल्या 1978 साली खरोखरच पोचल्या. माल नसताना पावती विकण्याचा हा व्यवहार आमच्या खात्यात कोणी केला असता, तर त्याच्यावर दोषारोपपत्र ठेवण्याचे काम माझ्याच टेबलावर आले असते.

"ते रिकामं पाकीटही आता लोक घेतात, काका."

"आत बाहुली नसलेले?"

"तेच तर बरं. फोडायचा मोहच नाही."

त्याच मालिकेत जावा नावाचा एक ठेंगू भटका आहे. आरंभी त्यास प्लॅस्टिकचा झगा होता. एवढ्याशा बाहुलीला एवढासाच झगा पाहून गिऱ्हाइकास फसल्यासारखे होईल, म्हणून कंपनीने लौकरच कापडी झगा दिला. वस्तुतः ही सुधारणा झाली. परंतु संग्राहकांच्या बाजारात सुधारलेल्या जावास कोणी विचारीत नाही, आणि तो भिकार म्हणून टाकून दिलेला प्लॅस्टिकचा झगा अंगावर असलेला मूळ जावा पेटीसकट सापडल्यास त्यास हजारो डॉलर पडतात; इतके की त्या झग्याच्या नकला निघाल्या असून, अस्सल प्लॅस्टिक व नकली प्लॅस्टिक ओळखणारे तज्ज्ञ आहेत. त्याहून वरची पायरी बोबा फेट याची. याच्या पाठीवरून सुटणारा अग्निबाण मुलांच्या घशात अडकेल या भयाने ती यंत्रणा बाजारात येण्यापूर्वीच रद्द झाली, आणि जे काही नमुने कारखान्यात घडविले होते तेवढेच उरले. त्यांपैकी एक 2024 साली अमेरिकेतील लिलावात सव्वापाच लाख डॉलरांस गेला. आपल्या हिशेबाने चार कोटी रुपयांच्या वर.

"म्हणजे जो कधी विकायलाच निघाला नाही, तो सर्वांत महाग?"

"अर्थात."

या न्यायाने माझ्यापाशी एक घबाड आहे. तारुण्यात मी एक कवितासंग्रह रचला होता व नागपूरच्या एका प्रकाशकाकडे नोंदणीकृत टपालाने धाडला होता. त्यांनी तो लाखेची मोहरही न मोडता परत केला. आज इतक्या वर्षांनी तो तसाच, मूळ वेष्टनात, कोपरे शाबूत, कपाटात आहे. पुतण्याला मी तो दाखविला; त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "स्थिती उत्तम आहे काका, पण मागणी हवी ना."

मागणी कशी उत्पन्न करतात, हे मात्र पाहण्यासारखे आहे. दुकानदारास हवी ती बाहुली हवी तितकी मागविता येत नाही. माल मिश्र खोक्याने येतो. समजा खोक्यात आठ नग आहेत. तर ज्याच्यासाठी साऱ्या गावाचा जीव टांगला आहे तो त्यात एक, फार तर दोन, आणि बाकीचे सहा-सात चित्रपटात दारापाशी उभे राहून नाहीसे झालेले पहारेकरी, कोणाचे तरी मामा, अथवा एखादा यंत्रमानव की ज्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. हवा तो नग खोके फुटताच जातो, आणि उरलेले खुंटीवर लटकून राहतात. ते खपले नाहीत तर दुकानदार पुढचे खोके मागवीत नाही, आणि पुढचे खोके आले नाही तर हवा तो नग येत नाही. यास्तव गावातील प्रत्येक संग्राहक त्या मामांकडे शत्रुत्वाने पाहत असतो. अंदाज चुकला तर काय होते याचा वस्तुपाठ 1999 साली मिळाला: नव्या चित्रपटाच्या बाहुल्यांसाठी अमेरिकेत 3 मे रोजी मध्यरात्री दुकाने उघडली, लोक रांगा लावून उभे राहिले, आणि त्या मालापैकी पुष्कळसा पुढे वर्षानुवर्षे सवलतीच्या टोपल्यांत पडून राहिला. फंको नावाच्या कंपनीने मोठ्या डोक्यांच्या बाहुल्यांत सहांमागे एक वेगळ्या रंगाची घालण्याचा प्रघात पाडला, म्हणजे तीच बाहुली पुनःपुन्हा घेणे भाग पडावे. आणि त्याच कंपनीने 2023 साली जाहीर केले की गोदामात माल इतका साचला आहे की तो ठेवण्यापेक्षा नष्ट करणे स्वस्त, सबब तीन ते 3.6 कोटी डॉलरांच्या घरातला माल नष्ट होईल. दुर्मिळता निर्माण करण्याचा कारखाना काढला म्हणजे अतिरेक हे त्याचे पहिले उत्पादन असते, असे दिसते.

या बाबतीत नावे ठेवण्याचा आपल्याला विशेष अधिकार आहे असे नव्हे. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या दिवसांत आम्हां पेन्शनरांची बैठक जमते. तेथे मी हा विषय काढला, तेव्हा एका वृद्ध स्नेह्यांनी शांतपणे सांगितले की त्यांच्या लग्नात आहेर म्हणून आलेला लेमन सेट त्यांनी न उघडता मेहुण्याच्या लग्नात दिला, मेहुण्याने साडूच्या मुंजीत, साडूने वास्तुशांतीला, आणि रायपुरातील सारी मराठी घरे फिरून तो पेटीबंद सेट लग्नाच्या रौप्यमहोत्सवी वाढदिवशी त्यांच्याकडेच परत आला. आत पेले सहा आहेत की पाच, हे अद्याप कोणासही ठाऊक नाही. वितरणाची इतकी निर्दोष व्यवस्था केनरलाही साधली नसती.

आमच्या शहरातील व्यवस्था तेवढी सरळ नाही. पुतण्याला ‘स्टार वॉर्स’च्याच मालिकेतील एक हिरवा गृहस्थ हवा होता, आणि दिवसभर रिकामा असल्यामुळे शोधाचे काम माझ्याकडे आले. मी प्रथम एका मॉलमधील चकचकीत दुकानात गेलो. तेथील तरुणाने विनयाने सांगितले, "अंकल, आगे से माल ही नहीं आया." आगे म्हणजे कोठून, अशी सरकारी सवयीने मी पृच्छा केली असता त्याने नागपूरच्या घाऊक व्यापाऱ्याचा दूरध्वनी दिला. नागपूरकरांनी "आमच्याकडे पुढूनच आलं नाही हो" असे म्हणून भिवंडीच्या गोदामाचा पत्ता सांगितला. भिवंडीतून मुंबईच्या कचेरीकडे, कचेरीतून न्हावाशेवा बंदरातील दलालाकडे माझी रवानगी झाली, आणि दलाल म्हणाला की कंटेनर समुद्रात आहे. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकविण्यात माझे आयुष्य गेले असल्याने या उत्तराने मला गहिवरूनच आले. फरक एवढाच की आमची फाईल निदान समुद्रात जात नसे.

शेवटी मी गोल बाजारात गेलो. तेथील एका जुन्या, अंधाऱ्या, प्लॅस्टिकच्या वासाने दरवळलेल्या दुकानात शेठजींनी माझे वर्णन ऐकून घेतले, शिडीवर मुलगा चढविला आणि एक हिरवा गृहस्थ खाली उतरविला. कान बरोबर होते. तलवार मात्र पेटत होती, पोटातून गाणे वाजत होते, आणि पेटीवर नावाचे स्पेलिंग काहीसे स्वतंत्र बुद्धीने केलेले होते.

"वही है, बाबूजी. बस लाइट ज़्यादा है. डेढ़ सौ."

मी विजयी मुद्रेने घरी आलो. पुतण्याने पेटीकडे पाहून कपाळास हात लावला. नकली आहे, तो म्हणाला, आणि मग काही वेळाने पुन्हा आला, स्पेलिंग वाचले, भिंग आणून पुन्हा वाचले, व बदललेल्या स्वरात विचारता झाला, "असे आणखी किती होते?" नकली बाहुल्यांचेही संग्राहक असतात. 1980 च्या दशकात तुर्कस्तानात ‘उझाय’ या नावाखाली निघालेल्या स्टार वॉर्सच्या बिनपरवाना बाहुल्यांस आज अस्सल बाहुल्यांपेक्षा कितीतरी अधिक भाव आहे. मी तातडीने पुन्हा गोल बाजारात निघालो. परंतु तोवर सौभाग्यवतींनी आमच्या नगाची पेटी ‘चांगली घट्ट आहे’ म्हणून तेजपत्ता ठेवावयास घेतली होती, त्यामुळे आमच्यापुरता तो प्रश्न निकालात निघाला.

किमतीचा मोठा वाटा मात्र व्यापारी घेत नसून सरकार घेते, आणि येथे मला स्वगृही आल्यासारखे वाटते. परदेशी खेळण्यांवरील आयातशुल्क 2020 साली वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाले, 2023 मध्ये सत्तर. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची खूण असल्यावाचून ती विकता येत नाहीत. यामुळे ही वस्तू खेळणे आहे काय, हा प्रश्न तात्त्विक न राहता रोकडा होतो. पुतण्याचा दावा असा की ते खेळणे नव्हे. "खेळत नाहीस, हे खरेच," असे सौभाग्यवती म्हणाल्या. अमेरिकेत तर यावर खटला झाला. तेथे मनुष्याकृती बाहुलीवर बारा टक्के जकात होती आणि अन्य खेळण्यांवर 6.8, तेव्हा ‘एक्स-मेन’च्या बाहुल्या आणणाऱ्या टॉय बिझ कंपनीने न्यायालयात म्हणणे मांडले की ही पात्रे मनुष्य नाहीतच. 2003 साली न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयातील न्यायाधीशबाईंनी नगानग तपासून ते मान्य केले. त्या कथांतील बिचारी पात्रे जन्मभर आम्हांलाही माणसे म्हणा म्हणून झगडत असतात, आणि त्यांच्या मालकांनी पाच टक्क्यांसाठी त्यांचे मनुष्यत्व रुजुवातीसकट सोडून दिले.

आपल्या देशातही अशा बाहुल्या होत होत्या, हे पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. एमआरएफ व अमेरिकेची हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून 1987 मध्ये फनस्कूल निघाली. गोव्यात तिचा कारखाना आहे. अमेरिकेतून आलेल्या साच्यांतून तिने जी. आय. जो मालिकेचे सैनिक व खलपुरुष काढले, आणि त्यांस रंग मात्र आपल्या मर्जीने दिले; तिकडे जो हिरवा तो इकडे पिवळा, तिकडच्या काळ्या पोशाखाच्या जागी इकडे भडक निळा. त्या वेळी ते कोणास खटकले नाही. पुढे अमेरिकन संग्राहकांना कळले की हिंदुस्थानात अशा रंगांचे सैनिक आहेत, की जे त्यांच्या देशात कधीच नव्हते, आणि ते त्यांच्यामागे लागले. माझ्या धाकट्या भावापाशी, म्हणजे पुतण्याच्या तीर्थरूपांपाशी, त्या वेळी अशी अख्खी पलटण होती. त्याने ती बुढातलावात जलयुद्धासाठी उतरविली. पुतण्या आजही त्या तलावावरून जाताना स्कूटर हळू करतो व पाण्याकडे अशा दृष्टीने पाहतो, की त्याच्या वडिलांनी तेव्हा दुसरा रस्ता धरावा.

पेटीबंद नगास अमेरिकेत गुण देणाऱ्या संस्था आहेत. त्या पेटीची परीक्षा करून शंभरपैकी गुण देतात आणि ती पेटी आणखी एका पारदर्शक पेटीत कायमची बंद करतात. आपल्या पेट्यांस साधारण किती मिळतील याचा अंदाज घेण्यासाठी पुतण्या रविवारी त्या एकेक करून खिडकीशी नेतो. खिडकीचे प्लॅस्टिक पिवळे पडू नये म्हणून उन्हात नाही, बुरशी येऊ नये म्हणून सावलीत नाही. रायपूरच्या मे महिन्यात वातानुकूलन यंत्र त्याच्या खोलीत, म्हणजे त्यांच्या खोलीत, आणि आम्ही दोघे ओसरीत कूलरसमोर.

बयाण्याचे प्रकरण याहून लांबट आहे. मोठ्या, फूटभर उंचीच्या, खऱ्या कापडाचा पोशाख ल्यालेल्या मूर्ती आगाऊ रक्कम भरून मागवाव्या लागतात. येथे कंपनीचा कारभार स्वच्छ आहे: 2018 साली हॅस्ब्रोने एका चार फुटी नौकेसाठी लोकांकडून आधीच पाचशे डॉलरांची हमी मागितली, पाच हजार गिऱ्हाइके मिळाली तरच बनवू असे बजावले, आणि 8810 मिळाली. लोकांनी पैसे द्यावे व मग कंपनीने वस्तू बनवावी की नाही ते ठरवावे, ही पद्धत कोणत्याही दिवाणी राज्यास भूषणावह आहे. पुतण्याने ज्या मध्यस्थाकडे एका मूर्तीचा बयाणा भरला आहे, तो दर काही महिन्यांनी कळवितो की माल तिसऱ्या तिमाहीत येईल. कोणत्या वर्षाच्या, ते तो लिहीत नाही. बयाणा परत मिळत नाही, हे मात्र त्याने ठळक अक्षरांत लिहिले आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नंदीबैल आणावयास मी पुतण्यालाही बाजारात नेले. आमच्याकडे या सणाला मुलांसाठी मातीची चाके लावलेले बैल आणि मुलींसाठी मातीचे जाते, चूल, भांडी यांची रास लागते, आणि संध्याकाळपर्यंत ती ओसरते. कुंभारीण पोते पसरून बसली होती. पोत्यावर गेरूने रंगविलेले तांबडे बैल ओळीने उभे होते. त्यांच्यामध्ये एकच, भट्टीत धूर लागून काळा झालेला. पुतण्याची नजर त्याच्यावर खिळली. त्याने तो उचलून चारही बाजूंनी पाहिला, शिंगे तपासली, चाके फिरविली.

"यह काला वाला कितने का?"

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग बैलाकडे पाहिले. "करिया ह एके ठन हे, बाबू. अकेल्ला नइ देवंव." आणि शेजारच्या ओळीतले, शिंग किंचित तिरपे असलेले, सकाळपासून कोणी न उचललेले तीन तांबडे बैल तिने हाताने पुढे सरकविले. "ये तीन ठन के संग लेबे त देहूं."

पुतण्याने काही न बोलता पाकीट काढले. घासाघीस करण्याचा माझा हक्क मी बजावणार, तोच त्याने मला कोपराने थांबविले आणि तिला विचारले, "इसका डिब्बा है क्या?"